गोफणीच्या दगडाची दोन उत्तरं

शंकेखोर : सर, वर्गसमीकरण शिकवू नका असं मी म्हणत नाही. माझा आक्षेप शाब्दिक उदाहरणांवर आहे, आणि त्यातही वर फेकलेल्या चेंडूच्या, दगडाच्या उदाहरणांवर. दहावीतलं पोरगं ते कसं सोडवतं ते जवळ बसून बघा. उदाहरण पूर्ण वाचायच्या आधीच त्यातले आकडे उचलतं, पाठ केलेल्या सूत्रात भरतं, अवयव पाडतं. दोन उत्तरं येतात, एक धन आणि एक ऋण. मग ठरलेली ओळ लिहितं, ‘पण काळ ऋण नसतो’, आणि ऋण उत्तर खोडून मोकळं होतं. या सगळ्यात दगड कुठंच नसतो. तो कुणी फेकला, कुठून फेकला, कुठं पडला, याच्याशी पोराला काही देणंघेणं नसतं. फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या गणितशिक्षकांनी १९७९च्या सुमारास लहान मुलांना विचारलं होतं : बोटीवर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ मुलांपैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांची काहीतरी जुळवाजुळव करून वय सांगितलं. शाब्दिक उदाहरण हे असं शिकवतं. मजकुराकडे दुर्लक्ष करा आणि आकड्यांशी झटा, एवढंच पोरं त्यातून घेतात.

गणितप्रेमी : भाऊ, तुमचं निदान बरोबर आहे, पण दोष उदाहरणाच्या माथी मारू नका. शाब्दिक उदाहरणाचे तीन टप्पे असतात. पहिल्यात शब्दांतून समीकरण उभं करायचं. दुसऱ्यात ते सोडवायचं. तिसऱ्यात उत्तर घेऊन परत शेतात, मैदानात यायचं आणि ते तिथं लागू पडतं का ते पाहायचं. आपण सगळा जीव दुसऱ्या टप्प्यात ओततो, कारण तपासायला तो सोपा. पहिला टप्पा पाठ केलेल्या सूत्रात आणि तिसरा तुम्ही सांगितलेल्या त्या ठरलेल्या ओळीत उरकतो. तुम्हाला दगड दिसत नाही, कारण दगड त्या दोन टप्प्यांत असतो.

एक उदाहरण घेऊ, आपल्याकडचंच. ज्वारीत दाणा भरला की पाखरं राखायला शेतात माळा बांधतात. समजा माळा ४ मीटर उंच आहे. राखणदारानं त्यावरून गोफणीनं दगड सोडला आणि त्याचा वर जाण्याचा वेग सेकंदाला ८ मीटर आहे. गुरुत्व त्वरण हिशेबाला १० धरा. क्ष सेकंदांनी दगडाची जमिनीपासूनची उंची ४ + ८क्ष − ५क्ष² मीटर होते. दगड जमिनीवर कधी पडेल? उंची शून्य धरली की ५क्ष² − ८क्ष − ४ = ०. अवयव (५क्ष + २)(क्ष − २). उत्तरं दोन : २ सेकंद आणि उणे ०.४ सेकंद.

आता ते उणे ०.४ खोडायच्या आधी जरा थांबा. दगड सुटण्यापूर्वी ०.४ सेकंद या समीकरणाला जमीन दिसते आहे. तिथं दगडाचा वेग किती येतो? ८ अधिक ४, म्हणजे १२. म्हणजे माळ्याखाली जमिनीवर उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणी ०.४ सेकंद आधी सेकंदाला १२ मीटर वेगानं दगड वर सोडला असता, तर तो बरोबर त्याच क्षणी माळ्याच्या उंचीला पोचला असता, तेव्हा त्याचा वेग ८ उरला असता, आणि पुढं दोन्ही दगड जोडीनं वर गेले असते, जोडीनं खाली आले असते. पडताना राखणदाराच्या दगडाचा वेगही १२च असतो. माळा कुठं बांधलाय हे समीकरणाला ठाऊकच नाही. त्याला फक्त दगडाची सगळी वाट ठाऊक आहे. राखणदाराचा दगड त्या वाटेला मधूनच लागला. ‘काळ ऋण नसतो’ ही ओळ म्हणूनच मला चुकीची वाटते. काळ ऋण असतो, आपण घड्याळ कुठून सुरू केलं त्यावर ते अवलंबून आहे. खरी ओळ अशी हवी : ‘त्या वेळी आपला दगड अजून हातातच होता, म्हणून हे उत्तर या गोष्टीचं नाही.’ ही ओळ ज्या पोरीला स्वतःहून लिहिता आली, तिला गणित आलं.

शंकेखोर : हे ऐकायला मला आवडलं, ते लपवत नाही. पण तुमच्या माळ्याच्या उदाहरणात काय काय आधीच ठरवून ठेवलंय ते पाहा. माळा ४, वेग ८, त्वरण १०. म्हणजे अवयव पडावेत म्हणून आकडे आधी शिजवून घेतलेत. वेग ८ आहे हे राखणदाराला कुठून कळलं? गोफण तो सरळ वर कशाला मारेल? पाखरं समोर, पिकावर असतात. आणि हवा? तुमच्या समीकरणात हवाच नाही. आपल्याकडे कापूस पिकतो. एका हातात गोटा आणि दुसऱ्या हातात तेवढ्याच वजनाचा रुईचा पुंजका घ्या आणि दोन्ही वर फेका. तुमच्या समीकरणाला दोन्ही सारखेच. अडाणी माणूसही सांगेल की ते सारखे नाहीत. मग शेतातल्या माणसाला जे दिसतं ते पुसून टाकायचं आणि त्याला गणित म्हणायचं, असंच ना?

गणितप्रेमी : तिरप्या फेकीचं आधी सांगतो, ते सोपं आहे. गोफणीतून दगड सेकंदाला १६ मीटर वेगानं जमिनीशी ३० अंशात सुटला, तर त्याचा वर जाण्याचा भाग बरोबर ८ येतो. वर-खालीचा हिशेब तोच, २ सेकंदच. आडवा भाग सेकंदाला साधारण १३.९ मीटर, म्हणजे दगड माळ्यापासून २८ मीटरच्या आसपास पडेल. वर-खालीची गती आणि आडवी गती एकमेकींच्या आड येत नाहीत, हे गॅलिलिओनं १६३८च्या ग्रंथात मांडलं. योगायोग असा की तो ग्रंथही तीन माणसांच्या संवादातच लिहिलेला आहे. तेव्हा सरळ वर फेकलेला दगड ही तिरप्या फेकीचीच वर-खालीची बाजू. तो नुसता पुस्तकासाठी घडवलेला नाही.

आता हवा. ती सोडून दिली हे कबूल. पण काय सोडायचं हे ठरवता येणं हीच तर गणिताची ताकद आहे. क्रिकेटचा चेंडू सेकंदाला २० मीटर वेगानं वर मारला, तर हवा न धरता तो २० मीटरवर जातो. हवा धरली तर सुमारे दोन मीटर कमी. म्हणजे दहात एक भाग चूक. रुईच्या पुंजक्याला मात्र हे समीकरण लावणं हा अडाणीपणाच. गोटा की पुंजका हे आधी ओळखायचं आणि मग समीकरण हातात घ्यायचं. हे मुलांना शिकवलं तर शेतातल्या माणसाला जे दिसतं ते पुसलं जात नाही. उलट ते कामाला येतं.

शंकेखोर : शिकवलं तर! सगळं त्या ‘तर’वर येऊन थांबतं. दहावीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. त्यात टेनिसचा बॉल वर फेकल्याचं उदाहरण आहे, तो ४.०५ मीटर उंच जातो. सोडवलं की सुरुवातीचा वेग ९ येतो आणि पूर्ण वेळ १.८ सेकंद. सुबक. पण हेच मैदानात करू. बॉल फेकायचा, मोबाइलच्या स्टॉपवॉचनं वेळ मोजायची आणि वेळेवरून उंची काढायची. बोट दाबायला मागंपुढं ०.२ सेकंद सहज होतात. १.८च्या जागी १.६ आले तर उंची ३.२ मीटर निघते, २ आले तर ५ मीटर. एका बोटाच्या चुकीनं बॉल सव्वातीन मीटरवर किंवा पाच मीटरवर. आणि पुस्तकात दशांश चिन्हाच्या पुढं दोन घरं! ते ४.०५ कुणी मोजलेलं नाही, वर्गमूळ नीट यावं म्हणून ते ४.०५ आहे. पोरांना हे कुणी सांगत नाही. सांगितलं तर पोरं विचारतील, मग खरी उंची किती? आणि वर्गात या प्रश्नाला वेळ नाही, कारण पुढचा धडा वाट बघतो आहे.

गणितप्रेमी : हा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणेन की तुम्ही आता जे केलंत, ०.२ सेकंदाच्या चुकीनं उंची किती हलते ते काढलंत, तेही त्याच वर्गसमीकरणानं केलंत. उंची वेळेच्या वर्गावर अवलंबून आहे म्हणून छोटी चूक एवढी मोठी झाली. समीकरण नसतं तर ही चूक तुम्हाला नुसती जाणवली असती, मोजता आली नसती. माझ्या वर्गात हे उदाहरण असं मांडायला मिळालं तर ४.०५ला माझी हरकत राहणार नाही.

आणि सोडून देण्याबद्दल तुम्ही बोललात म्हणून पाटणाची आठवण काढतो. चाळीसगाव तालुक्यात, गौताळ्याच्या जंगलात, पाटणादेवीला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आहे. यादव राजा सिंघण याच्या दरबारात चांगदेव मुख्य ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचं, विशेषतः सिद्धान्तशिरोमणीचं अध्ययन व्हावं म्हणून तिथं मठ काढल्याचं त्या लेखात आहे. काळ शके ११२८च्या आसपासचा, इसवी सन १२०७. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो लेख अभ्यासकांपुढे आणला. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्या खानदेशात ज्या ग्रंथांसाठी मठ उभा राहिला, त्यांतली उदाहरणं पाहा. लीलावतीत दोन वानरं आहेत. झाड १०० हात उंच, विहीर झाडापासून २०० हातांवर. एक वानर झाडावरून उतरून चालत विहिरीवर जातं. दुसरं झाडावरून वर उडी घेतं आणि तिथून कर्णरेषेनं थेट विहिरीवर येतं. दोघांची वाट सारखीच, ३०० हात. तर उडी किती उंच? ५० हात. मोर आणि सापाचंही तसंच. ९ हात उंच खांबावर मोर आहे, साप २७ हातांवरून खांबाच्या बुडाशी असलेल्या बिळाकडे येतो आहे. दोघांचा वेग सारखा, मोर तिरपी झेप घालतो. गाठ पडते बिळापासून १२ हातांवर, तोवर दोघांनी १५-१५ हात काटलेले असतात. वानराची उडी सरळ रेषेत जात नाही हे भास्कराचार्यांना दिसत नसेल का? पृथ्वी आपल्या शक्तीनं जड वस्तू आपल्याकडे ओढते असं गोलाध्यायात सांगणारा माणूस तो. तरी इथं त्यांनी वाकडी वाट सोडली आणि कर्ण धरला, कारण शिकवायचा कर्ण होता.

शंकेखोर : मग ती उडी नव्हतीच, सर. तो काटकोन त्रिकोण होता आणि त्यावर वानर बसवलेलं होतं. तुमच्याच दाखल्यानं माझं म्हणणं पक्कं होतं की ही सोंगं जुनी आहेत. लीलावतीतलं अर्जुनाच्या बाणांचं गणित घ्या. अर्ध्या बाणांनी कर्णाचे बाण अडवले, एकूण बाणांच्या वर्गमुळाच्या चौपट बाणांनी घोडे रोखले, सहांनी शल्य, तिनांनी छत्र, ध्वज आणि धनुष्य, आणि एकानं डोकं. बाण किती? शंभर. एकही बाण हवेतून जाताना दिसत नाही. फेकलेल्या वस्तूचं गणित म्हणावं तर त्यात फेकच नाही.

आणि पाटणाचा अभिमान मलाही आहे, पण तो पुरेसा नाही. भास्कराचार्यांचं जन्मगाव विज्जलविड नेमकं कोणतं यावर अजून वाद आहे, तो बाजूला ठेवू. मला वेगळं विचारायचंय. त्या मठात कोण शिकत होतं? शिलालेखाच्या शेवटच्या मराठी भागात मठाला काय काय मिळावं ते लिहिलंय. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालातून वाटा, चालत्या घाण्यामागे पळीभर तेल. तेल्यानं तेल दिलं, गिऱ्हाइकानं वाटा दिला. त्या तेल्याचं पोर मठात बसलं का? गोफण फिरवणारं पोर बसलं का? गणित त्यांच्या तेलावर चाललं आणि गणितात ते नव्हते. आज साक्रीच्या, शिरपूरच्या शाळेत, चोपड्याच्या आदिवासी पाड्यावर ते पोर बसलंय. घरी अहिराणी, पावरी किंवा भिली बोलतं. त्याच्या पुढ्यात ‘शिरोलंब दिशेने प्रक्षेपित केलेली वस्तू’ ठेवली की त्यातलं अर्धं त्याच्या हातून गणिताच्या आधीच निसटतं. गोफणीचा दगड किती वेळात कुठं पडेल हे त्याच्या मनगटाला ठाऊक असतं. तरी पेपरात तो नापास होतो.

गणितप्रेमी : हे तुम्ही म्हणालात ते मनाला लागलं, कारण ते खरं आहे. मठात कोण होतं याचं उत्तर आपल्याला फारसं सुखाचं मिळणार नाही. पण म्हणूनच मी म्हणतो, आज बसलेल्या त्या पोराला मधला टप्पा नुसता घोकायला देऊ नका. पहिला टप्पा त्याच्या हाती द्या. उदाहरण त्यालाच लिहू द्या, अहिराणीत, पावरीत, कशातही. माळा किती उंच, दगड कसा सोडला, कुठं पडला, हे त्यानं सांगायचं आणि हवा धरायची की नाही हे त्यानं ठरवायचं. आणि तिसऱ्या टप्प्यासाठी मला भास्कराचार्यांच्याच ‘बीजगणित’ या ग्रंथातल्या दोन वानरसेना हव्या आहेत. एकीत कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग रानात खेळतो आहे आणि १२ वानरं डोंगरावर आहेत. उत्तर १६ किंवा ४८, आणि भास्कराचार्य दोन्ही घेतात. दुसरीत कळपाच्या पाचव्या भागातून तीन कमी करून त्याचा वर्ग गुहेत गेला आणि एक वानर दिसतं आहे. उत्तर ५० किंवा ५. इथं ते ५ टाकून देतात. पाचाचा पाचवा भाग १, त्यातून तीन गेले की उणे दोन, आणि दिसत्या वस्तूत ऋण आलेलं लोकांना पटत नाही, असं कारण देतात. याकडे लक्ष द्या, भाऊ. नियम एकच, समीकरण एकाच जातीचं, दोन्ही ठिकाणी दोन्ही उत्तरं धन. एकदा दोन्ही घेतली, एकदा एक टाकलं. ऋण उत्तरात नव्हतंच, ते गोष्टीच्या पोटात दडलं होतं. ते शोधायला परत वानरांकडे जावं लागलं. ‘काळ ऋण नसतो’ पाठ करणाऱ्या पोराला हे पाच कधीच सापडणार नाहीत, कारण पाचाच्या मागं वजा चिन्हच नाही.

शंकेखोर : इथं मात्र तुम्ही मला हलवलंत. पण त्यांनी दिलेलं कारण नीट पाहा : लोकांना पटत नाही. समीकरणाची हरकत नव्हती, हरकत लोकांची होती. मग कोणतं उत्तर घ्यायचं हा गणिताचा निर्णय आहे की लोकांचा? तुमच्या माळ्यावरच्या दगडाचं उणे ०.४ तुम्ही एवढ्या प्रेमानं राखलंत, त्यातून जमिनीवरचा दुसरा फेकणारा काढलात. पाच वानरांतून तशी गोष्ट का काढू नये? उद्या एखादी पोरगी म्हणाली, गुहेत गेलेल्या नाहीत तर गुहेतून निघून आलेल्या दोन वानरांचा वर्ग, तर तिला तुम्ही चूक म्हणाल?

गणितप्रेमी : चूक म्हणणार नाही. पण तिला विचारेन की मग त्या दोघांचा वर्ग केल्यावर येणारी चार वानरं कुठं आहेत, कारण एकूण पाचांत एक दिसतं आहे. ती गुहेतच आहेत, असं ती म्हणेल, आणि आकडा जुळेल. तिथं मी अडकेन. जुळणारा आकडा आणि जुळणारी गोष्ट यांतला फरक तिला कसा दाखवायचा हे मला अजून नीट जमलेलं नाही. म्हणून मी त्याच दगडाचे आणखी दोन प्रश्न विचारेन. माळ्यावरचा दगड ७ मीटर उंचीवर कधी असेल? ५क्ष² − ८क्ष + ३ = ०, उत्तरं ०.६ आणि १ सेकंद, दोन्ही खरी. एक वर जाताना, एक खाली येताना. आणि ८ मीटरवर कधी? उत्तरच नाही, वर्गमुळाखाली ऋण संख्या येते, कारण दगड ७.२ मीटरवरूनच परततो. जमिनीला एक उत्तर टाकायचं, ७ मीटरला दोन्ही ठेवायची, ८ मीटरला एकही नाही. तिन्ही वेळा कारण दगडाच्या वाटेत शोधावं लागतं. हे तिन्ही प्रश्न एकाच तासात घेतले तर ठरलेली ओळ आपोआप गळून पडते.

शंकेखोर : तासात घ्याल, मान्य. पेपरात काय कराल? गणित भाग १ ची ४० गुणांची लेखी परीक्षा. पायऱ्यांना गुण. तपासणारा कुठल्याशा गावचा, समोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. त्याच्यापुढे साक्रीच्या पोरीची उत्तरपत्रिका येते. तिनं ५क्ष² − ८क्ष − ४ = ० सोडवलंय, २ आणि −०.४ काढलंय, आणि −०.४ न खोडता खाली चार ओळी लिहिल्यात, की माळ्याखाली तिचा भाऊ उभा असता आणि त्यानं थोडा आधी, जास्त जोरानं दगड सोडला असता, तर दोघांचे दगड बरोबरच पडले असते. नमुना उत्तरात तर लिहिलंय, ‘काळ ऋण नसतो, म्हणून क्ष = २.’ तिचा एक गुण जाईल की राहील?

गणितप्रेमी : माझ्याकडे ती उत्तरपत्रिका आली तर राहील.

शंकेखोर : तुमच्याकडे येईल याची खात्री नाही. आणि ती पोरगी हे जाणते, म्हणून ती त्या चार ओळी लिहिणारच नाही. तुम्ही शिकवलेलं तिच्या वहीत राहील आणि पेपरात खोडलेलं उणे ०.४ दिसेल.

गणितप्रेमी : वहीत राहिलं तरी मला चालेल, असं म्हणणार होतो. पण नाही, मला चालणार नाही. गुण देताना त्या चार ओळी कशा मोजायच्या हे आपण मास्तर मंडळींनीच बसून ठरवायला हवं. ‘खाली भाऊ उभा असता’ याला अर्धा गुण की पूर्ण? आणि गुहेतून परत आलेल्या दोन वानरांना किती?